एबीसीडी आधी की अक्षरांचे उच्चार?

ओसरी: मुलगी चार वर्षांची. एबीसीडी घडाघडा म्हणते, पण ‘बॅट’ची तीन अक्षरं पुढे मांडली की ‘बी-ए-टी’ म्हणून गप्प. नावं जोडून शब्द लागणार कसा? एबीसीडी बाजूला ठेवून आधी उच्चारच शिकवावेत, असं माझं मत झालंय. मराठीत बरंय, ‘क’चं नाव तेच आणि उच्चारही तोच.

तिरकस: घाई कशाची? फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. तिथली मुलं काय वाचायची राहतात? आधी एबीसीडीची घोकंपट्टी होती, आता उच्चारांची. फरक एवढाच.

काजळरेघ: बालवर्गाला शिकवते, म्हणून बोलते. फिनिशमध्ये बहुतेक अक्षरांना एकेकच उच्चार आहे. इंग्रजीत अक्षरं 26 आणि उच्चार साधारण 44, तेव्हा ही तुलना जमत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलनेही 2000 साली हेच मांडलं, की उच्चार क्रमाने शिकवले तर वाचायला मदत होते, आणि लवकर सुरुवात केली तर जास्त.

पण ओसरी, घरी एक चूक हमखास होते. ‘ब्’ला ‘अ’ची शेपूट लागते. मग ‘बअ-ॲ-टअ’ जोडून मूल ‘बॅट’पर्यंत पोचतच नाही. म्हणून सुरुवात ‘स्स्स’, ‘म्म्म’ अशा लांबवता येणाऱ्या उच्चारांनी करा. तीही तोंडी, अक्षर न दाखवता.

आणि मराठी सरळ आहे म्हणता, तर ‘चाक’ आणि ‘चहा’ मोठ्याने म्हणून बघा. ‘च’ एकच आहे का?

तिरकस: तोंडी खेळाला माझा विरोध नाहीच. तक्त्यांना आहे. माझ्या भाच्याला सगळे उच्चार येतात. पण गोष्टीचं पुस्तक उघडलं की तो चित्राकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो, ‘बरोबर का?’ म्हणून. चार वर्षांच्या पोराला ही धास्ती कोणी लावली?

काजळरेघ: सतत विचारणाऱ्यांनी. त्यात उच्चारांचा काय दोष?

तिरकस: तक्ता भिंतीवर आला की विचारणं आलंच. शिकवणाऱ्यांना ते दिसत नाही, एवढंच.

ओसरी: भांडा तुम्ही. मी आत्ता ‘म्म्म’चा खेळ घेतला. ‘मांजर’ म्हणाली, ‘मोजा’ म्हणाली, मग ‘उशी’. उशी कशी गं? तर म्हणे, ‘मऊ असते ना!’