विशेष शाळेतच खरे मित्र मिळतात म्हणे! मग गल्लीतल्या पोरांचं काय?

गिरणाकाठ:
परवा इथे एका साहेबांनी लिहिलं, दिव्यांग पोराला साध्या शाळेत घालणं ही आईबापाची हौस. तिथे दया मिळते, मैत्री आपल्यासारख्यांतच होते, सरळ विशेष शाळेत टाका. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला काही राहवलं नाही.

माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर ताबा कमी. वॉकरवर चालतो. भडगाव तालुक्यातलं गाव. विशेष शाळा जळगावला, म्हणजे वसतिगृह आलं. ठेवला तिथे. मित्र झाले, नाही कशाला म्हणू? एक रावेरचा, एक चोपड्याचा. पण सुट्टी लागली की संपलं. मे महिन्याच्या उन्हात कोण कोणाला भेटवायला नेणार? आणि गावात त्याला कोणी ओळखेना. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरं झोक्यावर, हा ओट्यावर.

परत आणला, जिल्हा परिषदेच्या शाळेत घातला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 31 आहे, 6 ते 18 वयापर्यंत जवळची शाळा की विशेष, ते आपण ठरवायचं. शाळेने काय केलं, तर दोन हुशार मुली त्याच्या 'मदतनीस' म्हणून नेमल्या. डबा उघडून द्यायच्या, दप्तर उचलायच्या, मधली सुट्टी झाली की पळायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? ती ड्यूटी होती. मी ते बंद करायला लावलं आणि घरी कॅरम आणला. रविवारी एकाच पोराला बोलवायचं. चार आले की ते आपसात खेळतात आणि आपला बघत बसतो. पोहे द्यायचे आणि आत निघून जायचं. आई समोर बसली की पोरं शहाण्यासारखी वागतात, भांडतसुद्धा नाहीत. क्रिकेटमध्ये त्याला कायम स्कोअर लिहायला बसवायचे. आता बॅट हा धरतो, धावतो दुसरा. आयसीसीने 2011 मध्ये रनर बंद केला, आमच्या गल्लीत चालू आहे.

अमळनेरवाला:
ताई, तुमचा पोरगा बोलतो. माझी मुलगी जन्मतः बहिरी. साध्या शाळेत पहिल्या बाकावर बसवली, फळ्यावरचं उतरवून घ्यायची. अक्षर सुंदर, मैत्रीण एक नाही. तुमचा कॅरम आम्हीही करून पाहिला. खेळ संपला की पुढे काय बोलणार? मूकबधिर शाळेत गेली, खुणांची भाषा शिकली आणि पहिल्यांदा तिला कोणाशी तरी भांडताना पाहिलं. आता रात्री व्हिडिओ कॉलवर हात थांबत नाहीत. रावेर लांब आहे म्हणून मैत्री तुटते हे तुमचं खरं असेल, आमचं नाही. एका पोरावरून सगळ्यांना शहाणपण शिकवू नका.

शिरपूर फाटा:
लांबचा विषय निघालाच आहे तर एसटीवर बोला ना भो. दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, पण गाडीत चढायला तर मिळालं पाहिजे! 2023 मध्ये बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून राखीव सीटवर पिशव्या न् मावश्या. माझा भाऊ कुबडी घेऊन उभा.

कळण्याची भाकर:
आला का, सगळं बायांवर! तुन्हं काय जास रे भाऊ, आम्ही अर्ध्या तिकिटात माहेरी गेलो तर? त्या सीटवर धडधाकट बाप्ये झोपेचं सोंग घेऊन बसतात ते नाही दिसलं? पोराला फिजिओला घेऊन जाणारी निम्म्याहून जास्त वेळा आईच असते. तिलाही ते अर्धं तिकीट लागतं.

शिरपूर फाटा:
सोंग मीही पाहिलंय. पण गर्दी वाढली की नाही ते सांगा.

कळण्याची भाकर:
वाढली. मग गाड्या वाढवा म्हणा, बाया कमी करा काय म्हणता?

भुसावळ जंक्शन:
माझे वडील वाहक होते. राखीव सीटवरून कोणाला उठवलं की आधी शिव्या त्यांनाच. आणि हात दाखवूनही ड्रायव्हर गाडी पुढे नेऊन थांबवतो, तिथवर वॉकरवाल्याने पळायचं का? त्यावर लिहा कोणीतरी.

साक्रीचा मास्तर:
तिकिटं बास. मी कंत्राटी विशेष शिक्षक होतो. शाळेला भेट द्यायची, फॉर्म भरायचा, फोटो पाठवायचा. त्या फॉर्मात व्यंगाची टक्केवारी होती, साहित्य मिळालं का ते होतं. मुलगा मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो, हा रकाना कधी नव्हता. ताई, तुमची खरी परीक्षा अजून व्हायचीय. पाचवीपर्यंत पोरं थांबतात. आठवीत सायकली आल्या की गल्ली रिकामी होते.

गिरणाकाठ:
मास्तर, धीर दिल्याबद्दल आभार! ते मलाही दिसतंय. म्हणून सायकलच्या मागच्या सीटवर बसायला शिकवतेय त्याला. अमळनेरवाले भाऊ, बहिऱ्या मुलांचं तुम्ही म्हणता तसं असेल. भाषाच नसेल तर कॅरम काय करणार? पण त्या साहेबांनी सरसकट सगळ्या पोरांना लिहिलं होतं, ते मी मानणार नाही. आणि एक सांगा, तुमच्या गल्लीतल्या एका तरी पोरीला चार खुणा शिकवल्या का?

अमळनेरवाला:
शेजारची शिकली, आपणहून. पहिल्यांदा शिवीच शिकली.

गिरणाकाठ:
मग झाली की मैत्री! आणि म्हणे साध्या पोरांत होत नाही.

अमळनेरवाला:
एक झाली. शाळेत अकरा आहेत. मोजा.

शिरपूर फाटा:
अकरा जणींना भेटायला एसटीनेच जावं लागेल ना? मग माझा विषय चुकीचा कसा?