‘मी आज खूप हेक्टिक आहे’ हे चालवून घ्यायचं का?

घोडबंदरकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘मी आज खूप हेक्टिक आहे आणि याला मराठीत शब्दच नाही.’ दोन्ही चूक. हेक्टिक असतो तो दिवस, आठवडा, वेळापत्रक. माणूस बिझी असतो. आणि नुसतं भरपूर काम म्हणजेही हेक्टिक नव्हे. ठरलेल्या आठ मीटिंगा वेळेवर पार पडल्या तर दिवस बिझी. त्यातल्या तीन एकमेकींवर आदळल्या आणि मध्येच क्लायंट टपकला, की हेक्टिक.

नेरुळवाला: समोरच्याला कळलं ना? झालं तर मग. हा मुळात तापाचा शब्द. ग्रीकमध्ये ‘अंगवळणी पडलेला’, पुढे क्षयात रोज चढणारा-उतरणारा ताप. धावपळीचा अर्थ रुळला विसाव्या शतकात. दक्षिण आफ्रिकेच्या बोलीत तर तो कशालाही लावतात.

घोडबंदरकर: तिथल्या बोलीत खुशाल लावू देत. इथे साहेबाला ‘आय अ‍ॅम हेक्टिक’ असा ईमेल गेला तर चूकच धरली जाईल.

ऐरोलीकर: इंग्रजीचं राहू द्या. ‘मराठीत शब्द नाही’ ऐकलं की डोकं फिरतं. ठाण्याला मेन लाइनची गाडी सोडून, पूल चढून दहा नंबरवर वाशी गाडी गाठायची, ती धावपळ. निघताना डबा आहे तर पास सापडत नाही, ती धांदल. रोज हेच करून अंग मोडून येतं, ती दगदग. लग्नघरात धामधूम, पाहुणे येणार म्हणून लगबग, मार्चअखेर कामाचा रगाडा. एका हेक्टिकने हे सगळं पुसायचं?

वाशीकर: लगबगीत उत्साह असतो, त्रास नसतो. ती या यादीत नको.

कळवेकर: आणि दगदगीला घाई लागतच नाही. आजाऱ्याचं करताना घरातल्या घरातही दगदग होते. ती रेल्वेला कशाला बांधलीत?

ऐरोलीकर: बांधली कुठे? उदाहरण दिलं. आधी नीट वाचा, मग भांडा! लगबग काढतो हवी तर.

नेरुळवाला: पण ही सगळी नामं. विशेषण कुठंय? ‘दिवस धावपळ होता’ कोण म्हणतं?

ऐरोलीकर: ‘दिवस धावपळीचा गेला’ म्हणतात. ‘चा’ लागला की विशेषणाचं काम होतं. धांदलीचा, दगदगीचा, हवा तो घ्या.

नेरुळवाला: बरं, ‘धावपळीचा’ मान्य. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हेक्टिकच लिहिणार. दिवसाला लावून.

घोडबंदरकर: दिवसाला लावणार असाल तर माझं भांडण मिटलं.

कळवेकर: माझं नाही. दगदगीचं उत्तर अजून आलेलं नाही.