जुन्या घराच्या सेलमध्ये हॅलोविनचं खोकं मिळालंय, खरंच जुनं आहे का कसं ओळखायचं?

साळगावचा_नवखा
नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या गावात एक जुनं घर रिकामं करत होते, सगळं सामान बलकांवात (ओसरीवर) मांडून ठेवलेलं, घरमालक तारवटी (खलाशी) होता, बरीच वर्षं अमेरिकेच्या बाजूच्या बोटींवर. लोक शिसवी खुर्च्या आणि बरण्यांवर तुटून पडले आणि मला माळ्यावरनं काढलेलं एक खोकं दिसलं, आत सगळी भुतंच. १२०० ला मागितलं, दिलं त्यांनी, वर "हे कशाला नेतोस रे" असं तोंड करून बघितलं पण.

आत एक हिरवा सपाट डोक्याचा रबरी मुखवटा आहे (मानेत बोल्टवाला), एका खोक्यात पुढे पारदर्शक खिडकी आणि आत सांगाड्याचा पोशाख, त्याच्यासोबत पातळ प्लॅस्टिकचं तोंड, मागे इलॅस्टिक. शिवाय पुठ्ठ्याची काळी मांजर आणि एक नारिंगी भोपळ्याची बादली. मला हे जुने मॉन्स्टर फार आवडतात पण जुन्या वस्तूंतलं ओ की ठो कळत नाही. किती साली बनलं असेल, साफ कसं करू? मुखवटा सुकल्यासारखा वाटला म्हणून थोडं खोबरेल चोळलंय. आईने सांगितलंय अवसेच्या आत हे घराबाहेर गेलं पाहिजे, तेव्हा जरा लवकर सांगा 😅

जुनाबाजार
अरे देवा, खोबरेल! आत्ताच्या आत्ता सुक्या मऊ कापडाने टिपून घे, घासू नकोस. तेलाने लॅटेक्स फुगतं आणि मऊ पडतं. तो मुखवटा म्हणजे शेवटी झाडाचंच रबर, आपल्याकडे सत्तरी तालुक्यात बागा आहेत त्याच झाडाचं, ऊन उष्णता आणि हवा यांनी ते आधी चिकट होतं मग कडक होऊन तडकतं आणि एकदा तडकलं की परत येत नाही, आपण फक्त वेळ लांबवायची.

आता साल. पोशाखाचं खोकं उलटं करून कंपनीचा पत्ता वाच. राज्याच्या नावापुढे पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिन कोड) असेल तर १९६३ नंतरचं, कारण तो कोड तेव्हा सुरू झाला. नुसता शहराचा एक-दोन आकडी विभाग असेल (न्यूयॉर्क ११ वगैरे) तर बहुतेक त्याआधीचं. बारकोड असेल तर १९७४ नंतरचं नक्की, पण बारकोड नाही म्हणून लगेच उड्या मारू नकोस, सगळ्यांनी तो एकदम लावला नव्हता. आणि © पुढचं साल बघून तर अजिबात फसू नकोस, ते चित्राच्या हक्काचं साल, वस्तू त्यानंतर कितीही वर्षांनी निघालेली असू शकते. मी पहिल्यांदा असाच फसलो होतो, चोर बाजारात, त्याबद्दल परत कधीतरी.

खिडकीवालं खोकं आणि आत पोशाख-मुखवटा ही बेन कूपर आणि कॉलेजव्हिल या अमेरिकन कंपन्यांची पद्धत. बेन कूपर १९३७ पासूनची. त्यांच्या अंगरख्यावर छातीवर त्याच भुताचं चित्र असायचं, कधी नावसुद्धा, म्हणजे ड्रॅक्युलाच्या छातीवर ड्रॅक्युला, आपण कोण आहोत हे भुताने स्वतःच लिहून फिरायचं 😂 गोळा करणारे लोक यात खोकं आधी बघतात. खोकं फाटकं तर किंमत धाडकन खाली, त्यामुळे सेलोटेप लावू नकोस प्लीज.

मुखवट्याच्या मानेच्या कडेला कंपनीचं नाव उठवलेलं आहे का बघ. ते सपाट डोकं आणि बोल्ट म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओच्या १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' सिनेमातल्या राक्षसाचा चेहरा, रंगभूषाकार जॅक पिअर्सने केलेला, त्यामुळे परवानगी घेऊन बनवलेल्या मालावर बऱ्याचदा युनिव्हर्सलचंही नाव सापडतं.

पेडण्याची_ताई
वरच्या दादांनी सांगितलंय ते बरोबर, मी फक्त आपल्या हवेबद्दल सांगते कारण पुस्तकातले उपाय गोव्याच्या पावसात चालत नाहीत. माझ्याकडे जुन्या कागदी वस्तू आहेत, जूनमध्ये माळ्यावर ठेवल्या आणि चतुर्थीला काढल्या तर हिरवी बुरशी. तेव्हापासून झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल, आणि रंग बदलला की ते परत तापवून घ्यायचं. मांजर पुठ्ठ्याची आहे ना, तिला पाणी अजिबात नको, मऊ ब्रशने झटक आणि सांधे उघडझाप करत बसू नको. कसर लागली का ते कडेने बघ, बारीक कुरतडल्यासारखं दिसतं.

डांबर गोळ्या टाकू नको हं, काही प्लॅस्टिक त्यांनी मऊ पडून एकमेकांना चिकटतं, माझी एक बाहुली तशीच गेली. मुखवट्यात पेपर कोंबायचा तर वर्तमानपत्र नको, शाई उतरते, पांढरा साधा टिश्यू घाल. म्हणजे आकार राहतो. चिकट असेल तर वरून हलकी टाल्कम पावडर. कॉर्नफ्लॉवर लावा असं नेटवर लिहितात पण इथे त्याला किडे येतील. बादली मात्र साबणाच्या पाण्याने धुतलीस तरी चालेल, फक्त उन्हात वाळवू नको, नारिंगी उडतो.

डिचोलीकर
राग मानू नका पण मला हे कळत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री नाक्यानाक्यावर वीस-वीस फुटी राक्षस उभा असतो आणि तुम्ही अमेरिकेच्या पोरांचा प्लॅस्टिकचा भोपळा १२०० ला घेता? नरकासुराचं काय कोणी गोळा करत नाही ते.

जुनाबाजार
पात्रांव, गोळा कसा करणार, पहाटे जाळून टाकता ना तुम्ही! तिकडच्या वस्तूही खरं तर टाकायलाच बनवलेल्या, एका रात्रीचा पोशाख आणि दुसऱ्या दिवशी कचरा, म्हणून तर उरलेल्याला किंमत.

बाय द वे नवख्या, मांजरीला काळोखात यूव्ही टॉर्चखाली धर. पुठ्ठ्याचा न छापलेला भाग झगझगीत निळा-पांढरा चमकला तर कागदात चमक आणणारं रसायन आहे, ते साधारण १९५० नंतर सर्रास आलं. आणि कागद कोरा, कडा पांढऱ्याशुभ्र असतील तर नवी छपाईही असू शकते. बाइस्टल नावाची पेनसिल्व्हेनियातली जुनी कंपनी आहे पुठ्ठ्याच्या सजावटीची, ती स्वतःच आपली जुनी डिझाइनं पुन्हा छापते, त्यात फसवणूक काही नाही, पण पुढचा विकणारा तीच जुनी म्हणून गळ्यात मारतो. भाव बघायचा तर ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा बघ, मागितलेला नको, मागायला काय जातं.

साळगावचा_नवखा
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री बसलो. खोक्यावर झिप कोड आहे, बारकोड नाही, म्हणजे १९६३ च्या आधीचं तर नाही. छातीवर सांगाडा छापलाय आणि वर नावही, माझ्या ताईने बघून विचारलं "याला आरशात कळत नाही का". मांजर मात्र टॉर्चखाली ट्यूबलाइटसारखी पेटली, कडाही पांढऱ्या, सो ती बहुतेक नवीच. मुखवट्याच्या मानेवर काहीतरी उठवलेलं आहे पण नेमकं तिथेच मी खोबरेल चोळलेलं, अक्षरं लागत नाहीत. टिपून पावडर लावून ठेवलाय. बादलीत आईने कपड्यांचे चिमटे टाकले, आता तिची अवस-बिवस काही तक्रार नाही.

डिचोलीकर
चिमट्यांचं बेस्ट 😄 बरं, काल जरा वाकडं बोललो. आमच्या वाड्यावर नरकासुराच्या तोंडाचा मातीचा साचा आहे, त्याच्यावर कागदाचे थर चढवून मुखवटा काढतात. तोंड दरवर्षी जळतं, साचा माझ्या आजोबांच्या वेळचा आहे. एक दात तुटलाय.

साळगावचा_नवखा
काय सांगता! फोटो टाका ना. विकायचा नाही ना कोणाला?

डिचोलीकर
वेडा की काय. नरकचतुर्दशीच्या आठ दिवस आधी ये, कागद फाडायला माणसं कमीच पडतात.