मदत हवी आहे: पुरात गेलेलं गावातलं हॉस्पिटल पुन्हा बांधायचंय

नमस्कार मंडळी, मी कोथरूडला राहतो. महाडजवळच्या एका गावात माझ्या काकांचं आठ खाटांचं छोटं हॉस्पिटल होतं. 22 जुलै 2021 च्या रात्री सावित्री नदीचं पाणी आत शिरलं. भिंतीवरची चिखलाची रेघ अजून आहे, सलाईनच्या स्टँडच्या हुकापर्यंत. पेशंट शेजारच्यांच्या गच्चीवर नेले म्हणून वाचले. एक्स-रे मशीन, जनरेटर, केसपेपर सगळं गेलं. तेव्हापासून ओपीडी पत्र्याच्या शेडमध्ये चालते.

आता जुनं पाडून तिथेच बांधायचं ठरतंय. (जागा बदला म्हणून सांगून थकलो. काका म्हणतात, एसटी इथंच थांबते, म्हातारी माणसं वर टेकाडावर चढणार कशी?) म्हणून माझा आग्रह असा, की खाली फक्त खांब आणि पार्किंग, वॉर्ड पहिल्या मजल्यावर, जनरेटर आणि ऑक्सिजनही वरच. पण मग स्ट्रेचरसाठी रॅम्प लागणार, आणि तो अर्धी जागा खातो. लिफ्टवर भरवसा नाही, पुरात पहिली वीजच जाते.

पुण्यातला कुणी स्ट्रक्चरल इंजिनिअर माहीत आहे का, ज्याने कोकणात काम केलंय? भूकंपाच्या कोडमध्ये हॉस्पिटलला महत्त्व गुणांक 1.5 धरतात (म्हणजे साध्या घराच्या दीडपट भूकंपाचा जोर धरून डिझाइन), इथला कॉन्ट्रॅक्टर मात्र ‘घरासारखंच करू’ म्हणतो. शिवाय एक्स-रे रूमचा नकाशा एईआरबीकडून (अणुऊर्जा नियामक मंडळ, किरणांपासूनची सुरक्षा बघणारं) मंजूर करून घेतलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, भिंत किती जाड ठेवलीत?

पावसाळ्याआधी पाया तरी वर यायला हवा.