मॉडेल विमानाच्या रेडिओच्या (रिमोटच्या) मेनूत शिरायचं की नुसतं उडवायचं?

खानापूरचा वारा
काल एकानं लिहिलं, "नवख्यानं मेनूत जाऊच नये. बाइंड करा (रेडिओ विमानाला जोडा), ट्रिम मारा (सरळ उडेल इतकं जुळवा), उडवा. एक्स्पो (काडीची मधली हालचाल मऊ-तिखट करणं), ड्युअल रेट (हालचालीची हद्द स्विचनं बदलणं), मिक्स (दोन काड्यांचे हुकूम एकत्र करणं) ही सगळी थेरं." वाचून डोकं फिरलं. माझं पहिलं विमान ह्याच उपदेशानं गेलं. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमानानं काय करायचं ते, लावलेलाच नव्हता. सिग्नल तुटला, विमानातल्या रिसीव्हरनं शेवटचा थ्रॉटल (मोटरचा वेग) धरून ठेवला, आणि विमान भाताच्या खाचरांवरनं सरळ जंगलाकडं चालतं झालं. तीन दिवस हुडकलं. एक सर्व्हो (कंट्रोल हलवणारी बारकी मोटर) मिळाला, तोही गुराख्याच्या पोराकडं.

सनपॅक मामा
ते वाक्य माझं. नाव घ्यायला लाजता कशाला? आम्ही चार चॅनेलच्या साध्या रेडिओवर शिकलो. मेनू कसला, रिव्हर्सचे (सर्व्हो उलटा फिरवायचे) चार बारके खटके होते. माझ्या भाच्यानं व्हिडिओ बघून एक्स्पो उणे ३० टाकला. मुंग्या चावल्यागत विमान नाचलं आणि कडोलीच्या बटाट्यात नाक रोवलं. हे तुमचं प्रोग्रामिंग!

नाकतोडा
मामा, व्हिडिओ फुटाबा कंपनीच्या रेडिओचा असणार. तिथं उणे टाकलं की मधली हालचाल मऊ होते, स्पेक्ट्रम कंपनीच्या रेडिओवर त्यालाच अधिक लागतं. उलटं पडलं की असंच नाचणार. आणि मिक्स थेर असेल तर तुमचं सनपॅकचं (नालीदार प्लास्टिकच्या शीटचं) डेल्टा, म्हणजे तिकोनी पंखाचं विमान, काय नवसानं वळतं? दोनच सर्व्हो, एलेव्हेटर (नाक वर-खाली) नि एलेरॉन (डावं-उजवं कलंडणं) दोन्ही त्यांच्याच माथी.

सनपॅक मामा
डेल्टाला लागतं, कोण नाही म्हणतंय? तेवढं सोडून.

टिळकवाडी मोड२
खरा त्रास कुणी बोलतच नाही. ही यंत्रं इंग्रजीत बोंबलतात. मी एजटीएक्समध्ये (रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठी आवाज भरलाय. एसडी कार्डाच्या साउंड्समधल्या भाषेच्या फोल्डरात मोनो वेव्ह फाईल टाकायची, नाव जास्तीत जास्त सहा इंग्रजी अक्षरांचं, मग मेनूतल्या स्पेशल फंक्शनमध्ये प्ले ट्रॅक निवडून ती लावायची. आता बॅटरी उतरली की आईचा आवाज येतोय, "उतर की रे आता खाली!"

नाकतोडा
भारी! फाईल पाठवा.

घटप्रभा काठ
कन्नड का नको? आमच्या मैदानावर निम्मी पोरं कन्नडच बोलतात.

टिळकवाडी मोड२
रेडिओ माझा, आई माझी. इथं बेळगावात पाट्यांवरनं मराठी गेली, आता हातातनंही जायची काय?

घटप्रभा काठ
विमान उडवायला आलाय का मोर्चाला? माझी आई कन्नड, बाप मराठी. मी उशिरा घरी गेलो की दोघं एकदमच ओरडतात, कुठल्या भाषेत ते कळायच्या आधी मार पडतोय.

टिळकवाडी मोड२
मग दोन फाईली करा. दोन स्विच. मला शिकवू नका.

खानापूरचा वारा
अहो, मुद्दा फेलसेफचा होता! आणि बेळगावच्या सांबरा विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नसतं, मग रेडिओ संस्कृतात बोलू दे. २०२१ च्या ड्रोन नियमांत आहे. आधी नकाशा बघा, मग भांडा.

सनपॅक मामा
बरं. आज प्रॉप (पुढचा पंखा) काढून, मोटर अर्ध्यावर ठेवून रेडिओ बंद करून बघितला. मोटर फिरतच राहिली. झालं समाधान? लावला फेलसेफ, थ्रॉटल शून्यावर. एक्स्पोला मात्र हात लावणार नाही.