साताऱ्यात एफवायला आलोय, रोज बसतो तरी डोक्यात काहीच राहत नाही

माणदेशी_पोरगा
मी दहिवडीकडचा. यंदा साताऱ्यात बीएस्सीला ॲडमिशन घेतलीय, गोडोलीत कॉट बेसिसवर राहतो, रूमवर चौघं आहोत. बारावीपर्यंत क्लासचे सर सांगायचे आज हे करा उद्या ते करा, आम्ही करायचो. इथं कोण विचारतच नाही. लेक्चरला सगळं उतरवून घेतो, डबा खाऊन रात्री दहाला बसतो ते दीडपर्यंत वही वाचतो, वाचताना वाटतं येतंय की सगळं, आणि परवा मॅथ्सच्या इंटर्नलला लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली डेफिनेशन आली तर निम्मी लिहून पेन थांबला. २० पैकी ६ पडले. बारावीला मॅथ्सला ८८ होते मला. शनिवारी घरी गेलो तर आईनं विचारलं अभ्यास कसा चाललाय, मी चांगला म्हणालो. ते लई लागलंय मनाला. अभ्यास बसवायचा कसा, कुणीतरी सांगा.

कोरेगाव_अपडाऊन
भावा आधी ते रात्री दीड बंद कर. चौघांच्या रूमवर दहानंतर अभ्यास होत नसतो, मोबाईल आणि गप्पाच होतात. लेक्चर सुटलं की रूमवर जाऊच नको, डायरेक्ट लायब्ररीच्या रीडिंग हॉलला दीड तास बस, मग जा. मी एसटीनं येऊन-जाऊन केलं, संध्याकाळची गाडी सुटेपर्यंतचा वेळच माझा अभ्यासाचा, त्यावरच पास झालो.

कृष्णाकाठ_सांगली
मी बरीच वर्षं एफवायला मॅथ्स शिकवतोय, दरवर्षी तुझ्यासारखी पोरं येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपलंच अक्षर, आपलीच वही, दुसऱ्यांदा वाचली की ओळखीची वाटते, आणि त्यालाच आपण 'येतंय' म्हणतो. पेपरात वही नसते बाळा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, काही पोरांनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं होते, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे. म्हणजे तुझी रात्रीची मेहनत खरी आहे, फक्त ती आठवडाभर टिकत नाही.

तर कर असं, संध्याकाळी वही मिटून कोऱ्या पानावर आज काय शिकवलं ते लिही, अडलास तरी पाच मिनिटं ओढून बघ, मगच वही उघड आणि राहिलेलं लाल पेननं भर. लाल झालेलं तेवढंच परवा परत.

आणि ती डेफिनेशन पाठ करू नकोस. समोरचा म्हणतो उत्तरात एवढीच चूक चालेल, तो एप्सिलॉन. ती पाळायला एक्स किती जवळ ठेवायचा हे आपण शोधतो, तो डेल्टा. एप्सिलॉन आधी येतो, डेल्टा त्याच्यावरून ठरतो. २एक्स + १ घे, एक्स ३ कडे जातोय, लिमिट ७. चूक ०.१ च्या आत हवी तर एक्स ३ पासून ०.०५ च्या आत ठेवावा लागेल. हे हातानं एकदा करून बघ आणि इथं लिही.

विटा_ते_विश्रामबाग
सरांचं बरोबर आहे, पण शनिवारचं कुणी बोललंच नाही. मी पण दर शनिवारी गावी जायचो, शुक्रवारपासूनच बॅग डोळ्यासमोर आणि सोमवार दमण्यात जायचा. आता बारावीसारखं अख्खं वर्ष हातात नाही, क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, १ क्रेडिटला शिकवायचे १५ तास धरतात, दोन क्रेडिटचा विषय ३० लेक्चरमध्ये संपतो, चार बुडली की पुढचं कळायचं बंद. पंधरा दिवसांनी जा. आणि आईला खरं सांग रे. मी एका विषयात बॅक आल्यावर सांगितलं, आई म्हणाली जेवून घे आधी.

माणदेशी_पोरगा
सर, केलं. एप्सिलॉन ०.०१ घेतला तर डेल्टा ०.००५ येतो, म्हणजे कुठला पण घेतला तरी त्याच्या निम्मा, कारण एक्सला २ नं गुणलंय. बरोबर ना? केमिस्ट्रीचं पान मात्र निम्म्याच्या वर लाल झालं. या शनिवारी जात नाही, आत्ताच घरी फोन केला. सहा मार्कांचं सांगितलं.

कृष्णाकाठ_सांगली
बरोबर. आता ३एक्स - २ घेऊन कर, एक्स ४ कडे.