सिंत्राचे राजवाडे आणि काबो द रोका, एकाच दिवसात: आई-बाबांना घेऊन जमेल का?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्याला माझे आई-बाबा पुण्याहून लिस्बनला येत आहेत. त्यांना जवळचं डोंगरातलं सिंत्रा दाखवायचंच आहे, आणि बाबांना काहीही करून युरोपच्या मुख्य भूमीच्या पश्चिम टोकावर, म्हणजे काबो द रोकावर, उभं राहायचंय. गाइडसह एक दिवसाच्या सहली बघितल्या. जवळजवळ सगळ्यांची यादी तीच: पेनाचा राजवाडा, मूर लोकांचा किल्ला, रेगालेइराची वाडी आणि बाग, काबो द रोका, गिंशोचा समुद्रकिनारा, किनाऱ्यावरचं कास्काइश गाव आणि संध्याकाळी परत. बाबा पंचाहत्तरीचे, चालायला खंबीर. आईचा उजवा गुडघा दुखरा आहे. पायऱ्या ती चढते, उतरताना त्रास होतो. मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. आम्ही दोघं धरून सहाजण.

एवढं सगळं एका दिवसात खरंच होतं का? नसेल तर काय गाळावं? मोठ्या बसची सहल घ्यावी की छोटी गाडी? आणि आई अंडं खात नाही, तर दुपारच्या जेवणाचं काय करावं? ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

– ओडिव्हेलाशहून

———

ताई, नमस्कार.

सहा ठिकाणांची सहल घेऊ नका. अशा सहलीत प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरून फोटो काढेपर्यंत परत गाडीत बसायची वेळ होते, आणि सिंत्रा तशी बघायची जागा नाही. डोंगरावर एकच राजवाडा आतून नीट बघा, दुसरा बाहेरून, आणि दुपारनंतर किनारा. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच सांगतो आणि त्यावरून घरी वादही होतात, कारण प्रत्येकाला पेना आतून बघायचा असतो.

पेनाबद्दल आधी. 1511 मध्ये राजा मानुएल पहिला याने त्या सुळक्यावर हिएरोनिमाइट साधूंचा मठ वसवला. 1755 च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठच बरखास्त झाले, आणि 1838 मध्ये फर्नांदो दुसरा याने ते अवशेष विकत घेतले. हा राणी मारिया दुसरी हिचा जर्मन नवरा. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा मामेभाऊ आणि तिच्या नवऱ्याचा, म्हणजे अल्बर्टचा, चुलतभाऊ. त्याने एश्वेगे नावाच्या जर्मन खाण-अभियंत्याला हाताशी धरून मठाभोवती राजवाडा उभा केला. लाल रंगाचा भाग म्हणजे जुना मठ, पिवळा म्हणजे फर्नांदोचं नवं बांधकाम. मुलांना हे आधी सांगून ठेवा, मग ती स्वतःच भिंती बघत जोड कुठे आहे ते शोधतात. ट्रिटनच्या कमानीखाली तर त्यांना हलवणं अवघड जाईल. शंखावर बसलेला अर्धा माणूस, अर्धा मासा, आणि त्याच्या डोक्यातून उगवलेली वेल वर खिडकीपर्यंत गेलेली.

मग आत का जाऊ नये म्हणतो? पेनाच्या तिकिटावरची वेळ ही राजवाड्याच्या दाराची असते, उद्यानाच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, पायी अर्धा तास धरायचा. उद्यानात छोटी बस मिळते, तिचे पैसे वेगळे आणि तिलाही रांग. वेळ हुकली की आत घेत नाहीत. आत गेल्यावर एकाच दिशेने, पुढच्या माणसाच्या पाठीला पाठ लावून सरकायचं. राजघराण्याच्या खोल्या सुंदर आहेत, 1910 मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा राणी आमेलिया इथेच होती, तिचं सामान तिथं मांडलेलं आहे. पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला थांबायला, टेकायला तिथं जागा नाही. बाहेरच्या गच्च्या, कमानी आणि तिथून दिसणारा समुद्र हाच पेनाचा खरा भाग. फक्त जे तिकीट काढाल त्यात गच्च्या येतात का, हे आधी विचारा.

आतून बघायचा तो गावातला राजवाडा, पालासिओ नासिओनाल. लांबून ओळखू येतो, कारण स्वयंपाकघराची दोन पांढरी शंकूसारखी धुराडी, प्रत्येकी 33 मीटर उंच, गावाच्या डोक्यावर उभी आहेत. त्या स्वयंपाकघरात उभं राहून वर बघा. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या शेवटापर्यंत पोर्तुगालचे राजे इथे येऊन राहत होते. हंसांच्या दालनाचं छत, सेव्हिलहून आणलेल्या जुन्या फरशा, आणि सगळ्यात शेवटी साला दुश ब्राझोंइश: घुमटाखाली 72 सरदार घराण्यांची चिन्हं आणि खाली भिंतभर निळ्या फरशा. एक खोली आहे जिथे सहावा अफोंसो या राजाला त्याच्याच भावाने वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं. तो 1683 मध्ये तिथेच गेला. गर्दी पेनाच्या मानाने कितीतरी कमी, आणि दारातून बाहेर पडलात की चौकातच बसायला जागा.

गाडीबद्दल: मोठी बस पेनाच्या अरुंद वळणांवर चढत नाही. ती तुम्हाला खाली सोडते आणि पुढचा चढ-उतार तुमचा तुम्ही करायचा. तुम्ही सहाजण आहात, म्हणजे आठ प्रवाशांची व्हॅन तुम्हाला पुरते. ठरवायच्या आधी एकच गोष्ट खोदून विचारा: गाइड तुमच्याबरोबर राजवाड्यात येणार, की दारात सोडून गाडीत वाट बघणार? पुष्कळ ठिकाणी 'गाइड' म्हणजे बोलका ड्रायव्हर असतो. तसाही चालतो, पण मग पैसे त्या हिशेबाने द्यावेत. तिकिटं भाड्यात धरली आहेत का, आणि पेनाची वेळ कोण राखून ठेवणार, हेही लेखी घ्या.

आणि स्वेटर. लिस्बनमध्ये लख्ख ऊन असतं तेव्हा सिंत्राच्या डोंगरावर ढग बसलेला असू शकतो. अटलांटिकवरची ओली हवा या साडेपाचशे मीटरच्या आतल्या डोंगराला अडून वर चढते आणि तिथेच धुकं होते. म्हणून तर ते जंगल एवढं हिरवं आहे. सकाळी पेना धुक्यात गुरफटलेला निघाला तर गाइडला क्रम उलटा करायला सांगा, आधी गाव, मग वर. चांगला गाइड स्वतःहून तसं करतो.

– आल्मादाहून

———

सगळ्यांना नमस्कार,

वेगळं मत मांडतो. बाकीच्या तरुण सभासदांसाठी: गाइडची गरजच नाही. लिस्बनच्या रोसिओ स्टेशनहून सिंत्राची लोकल, साधारण चाळीस मिनिटं. स्टेशनवरून 434 नंबरची बस किल्ला आणि पेना करते. खाली आलात की 1624 नंबरची बस काबो द रोकामार्गे कास्काइशला जाते, आणि कास्काइशहून लिस्बनच्या काइश दो सोद्रे स्टेशनला परत लोकल. पूर्ण फेरी होते, कुठेही उलटं यायचं नाही. स्वतःची गाडी घेऊन मात्र जाऊ नका, पेनाच्या रस्त्यावर बाहेरच्या खासगी गाड्यांना बंदी आहे आणि गावात पार्किंग मिळत नाही.

ताई, तुमच्याकडे आई-बाबा आहेत, त्यामुळे तुम्ही व्हॅनच घ्या. 434 मध्ये उभ्याने वळणं घेत जाणं त्यांना नको. पण मुलांना पेना आतून दाखवाच. तेरा वर्षांच्या मुलीला लाल-पिवळा राजवाडा दारातून परत फिरवलात तर ती ते विसरणार नाही! आजी-आजोबा गच्चीवर बसतील, तुमच्यापैकी एकजण मुलांना घेऊन आत जाईल.

– लिस्बनहून

———

गो, हे सगळं बरोबर आहे, पण किनाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. मी कास्काइशला राहते, म्हणून तेवढं सांगते.

काबो द रोकाला सहलीच्या गाड्या वीस मिनिटं थांबतात. तुमच्या बाबांना ती पुरणार नाहीत. 140 मीटरचा कडा आहे, खाली पांढरा फेस, आणि समोर नुसता अटलांटिक. क्रूस असलेला दगडी स्तंभ आहे, त्यावर अक्षांश-रेखांश कोरलेत, मुलांना वाचायला लावा: 38 अंश 47 मिनिटं उत्तर, 9 अंश 30 मिनिटं पश्चिम. मागचं दीपगृह 1772 पासूनचं. बाबांना आवडेल तर तिथल्या पर्यटन कार्यालयात पश्चिम टोकावर येऊन गेल्याचं त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र विकत मिळतं. वारा इतका असतो की टोपी, ओढणी, साडीचा पदर काहीच जागेवर राहत नाही. आईला पंजाबी ड्रेस आणि वर अडकवायची टोपी असलेलं जॅकेट द्या. आणि मुलांचा हात सोडू नका. कुंपणाच्या पलीकडे पायवाटा दिसतात, लोक फोटोसाठी तिकडे जातात, आणि त्या कड्यावरून पडून माणसं गेलेली आहेत. त्या मांसल पानांच्या वेलीने जमीन झाकलेली असते, कडा कुठे संपतो ते कळत नाही.

गिंशोला गाडीतूनच बघा, पाण्यात पाय घालायचा हट्ट नको. लाटा आणि ओढ दोन्ही वाईट. बोका दु इन्फेर्नुला मात्र उतरा, खडकाच्या कमानीत पाणी घुसतं तो आवाज ऐकण्यासारखा आहे. समुद्र शांत असेल तर तिथं विशेष काही दिसत नाही, मग वेळ कास्काइशच्या गावाला द्या. मासेमारांचं हे गाव 1870 पासून राजा लुईशच्या उन्हाळी मुक्कामाचं झालं, आणि पोर्तुगालमधले पहिले विजेचे दिवे 1878 मध्ये इथल्याच किल्ल्यात लागले.

आता सूर्यास्त. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. ठरलेल्या सहली तोवर लिस्बनला पोचलेल्या असतात. स्वतंत्र व्हॅन असेल तर क्रम बदलून घ्या: सकाळी राजवाडे, दुपारी उशिरा कास्काइश, आणि काबो द रोका सगळ्यात शेवटी. थोडं उलटं पडतं, जास्तीचे पैसे मागतील. द्या.

खाण्याचं: सिंत्रातल्या प्रसिद्ध मिठाया, त्रावेसेइरुश आणि केइजादाश, दोन्हींत अंडं असतं. पास्तेल द नातामध्येही असतं. पुष्कळ पिठाच्या पदार्थांत डुकराची चरबी असते. काल्दु व्हेर्द म्हणजे बटाटा आणि पालेभाजीचं सूप, पण वर सॉसेजची चकती ठेवतात, सांगावं लागतं. आईसाठी घरून दशम्या आणि चटणी घ्या, आणि हॉटेलात भात, सॅलड, तळलेले बटाटे मिळतात. पेनाच्या उद्यानात बाकावर बसून डबा खाण्यासारखी सावली आहे.

– कास्काइशची काकू

———

नमस्कार.

आपल्या या मेल-यादीवर सिंत्राचा विषय निघाला की राजवाड्यांवरच थांबतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो. आपल्यासाठी या मला फार मोलाच्या वाटतात.

रेगालेइराच्या पुढे मोन्सेरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेन्या व्हेर्द नावाची जुनी वाडी आहे. ती दों जुआंव द काश्त्रु याची. 1546 मध्ये दीवचा वेढा उठवणारा, पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला आणि 1548 मध्ये गोव्यात वारलेला. वसई 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली त्यानंतर थोड्याच वर्षांतला हा माणूस. त्याच्या या वाडीत सोमनाथचा एक संस्कृत शिलालेख होता. वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, विक्रम संवत 1343 चा, म्हणजे इसवी सन 1287 च्या आसपासचा. त्रिपुरांतक नावाच्या पाशुपत, म्हणजे एका शैव पंथाच्या, आचार्याने सोमनाथला बांधलेल्या मंदिरांची त्यात नोंद आहे. संस्कृत पंडित गेऑर्ग ब्यूलर यांनी तो वाचून प्रसिद्ध केला, आणि अभ्यासक त्याला आजही 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणतात. गुजरातच्या किनाऱ्यावरचा देवळाचा दगड इथल्या धुक्यात येऊन पडला आणि त्यालाच गावाचं नाव मिळालं. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी गाडी हळू करावीशी वाटते.

दुसरी गोष्ट मोन्सेरात. फ्रान्सिस कुक या श्रीमंत इंग्रज कापड-व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा राजवाडा. बाहेरून घुमट, आत दगडी जाळी आणि खांबांची लांब ओसरी, आपल्याकडच्या कारागिरीची आठवण यावी अशी. बागेत एक भारतीय कमान उभी आहे. 1857 च्या उठावानंतर गव्हर्नर जनरल कॅनिंगकडून ती कुकने घेतली. आपल्या इतिहासातलं ते वर्ष इथे झाडाखाली दगडाच्या रूपात उभं आहे, आणि सहलीच्या गाड्या मोन्सेरात सरळ वगळतात. ताई, मी तुमच्या जागी असतो तर रेगालेइरा सोडून इथे आलो असतो. रेगालेइराची 27 मीटर खोल विहीर मुलांना आवडते हे खरं, पण तिच्या ओल्या, गोल पायऱ्या उतरायच्या आहेत, आणि आईंना उतरतानाच त्रास होतो असं तुम्ही लिहिलंय.

– सेतुबालहून

———

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल आई-बाबांना फोनवर वाचून दाखवल्या. बाबांनी मोन्सेरातची कमान ऐकल्यावर बाकी सगळं सोडलं तरी चालेल म्हटलं. तर आता असं ठरतंय: व्हॅन. सकाळी पेना, मुलं आणि त्यांचे बाबा आत, आम्ही तिघं गच्चीवर. मग गावातला राजवाडा सगळ्यांनी. डबा. मोन्सेरात. रेगालेइरा नाही. संध्याकाळी काबो द रोका, सूर्यास्तापर्यंत. कास्काइश दुसऱ्या दिवशी लोकलने, काकूंकडे चहाला येऊ.

एकच शंका: पैसे आधी भरावे लागणार. हवा वाईट झाली तर?

– ओडिव्हेलाशहून

———

ताई, पावसाने सहसा काही बंद होत नाही, वादळी वाऱ्यात मात्र झाडं पडण्याच्या भीतीने उद्यानं बंद ठेवतात. वणव्याचा धोका फार वाढला की प्रशासन डोंगराचा रस्ता बंद करतं आणि पेना, किल्ला, मोन्सेरात त्यात येतात. हे उन्हाळ्यात जास्त, पण कोरडा ऑक्टोबर असेल तर शक्य आहे. गावातला राजवाडा खाली असल्याने बहुतेक वेळा उघडा राहतो. व्हॅनवाल्याकडून 'डोंगर बंद झाल्यास तारीख बदलून मिळेल' एवढं लेखी घ्या, आणि आई-बाबांच्या मुक्कामाच्या पहिल्या आठवड्यातली तारीख धरा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहील.

– आल्मादाहून